कलेचा सरकारी पैसा प्रयोगाला द्यावा की गावाला?

रंगपटावरून:
८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी तिथे पोचलो तेव्हा गर्दीत नाटकवाले थोडे होते. भाजीची पिशवी हातात असलेली, दुकान उघडायला निघालेली माणसंच जास्त, आणि त्यातल्या कित्येकांचे डोळे भरलेले. तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं आणि १९१५ मध्ये त्याला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे हेच नाट्यगृह. कुस्तीचा शौकीन आणि संगीत नाटकाचा शौकीन एकाच आवारात यायचे. दरबारचा तो पैसा सगळ्या गावाच्या अंगी लागला.

आज सांस्कृतिक खात्याचा पैसा सुटासुटा येतो. नाटकाला अनुदान वेगळं, स्पर्धा वेगळी, महोत्सव वेगळा. महोत्सवाचा मांडव तीन दिवस असतो, चौथ्या दिवशी मैदानात खड्डे उरतात. आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेचं नाट्यगृह आहे (नाव घेत नाही). राज्य नाट्य स्पर्धेसाठी तिथे तालीम मागितली, तर डिमरच्या (स्टेजवरचा उजेड कमी-जास्त करायच्या यंत्राच्या) कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस पाणीपुरवठा विभागात बदलून गेलेला. दोन महिने आम्ही शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालीम केली. इमारतीला पैसा मिळाला, नाटकाला मिळाला, पण दोघांना एकत्र आणायचं काम कुणाचंच नव्हतं.

माझं म्हणणं असं की तालुक्याला पाच वर्षांसाठी एकरकमी निधी द्या. नगरपालिका, शाळा, स्थानिक नाट्यसंस्था आणि जत्रा कमिटी यांनी मिळून करार करावा, आणि त्या गावाला काय हवं ते त्यांनीच ठरवावं. तुम्हाला काय वाटतं?

गावकुसाबाहेर:
अजिबात पटलं नाही. गाव म्हणजे कोण, हे आधी सांगा.

माझी आजी तमाशाच्या फडात नाचायची. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रा कमिट्या येतात, राहुटीत बसून सुपारी, म्हणजे खेळाचे पैसे, ठरवतात. त्या कमिटीत कोण असतं? गावातली मोठी घरं. आणि ढोलकीवर, बोर्डावर कोण असतं? कोल्हाटी, महार, मांग. तुम्ही ज्या कमिटीच्या हातात पाच वर्षांचा निधी देताय, तीच कमिटी रात्रभर तमाशा बघून सकाळी ठरलेल्या सुपारीतून हजार-दोन हजार कापायची. पावसाळ्याचे चार महिने फड बंद, म्हणून मालक सावकाराकडून उचल घेतो आणि कलाकार मालकाकडून. ह्या साखळीत गाव कुठेच आमच्या बाजूनं नव्हतं.

ज्येष्ठ कलावंतांचं मानधन महिन्याला ५,००० रुपये आहे, ते थेट खात्यात येतं. माझ्या मावशीला त्या पैशाइतका मान कुठल्या गावानं दिला नाही. पण तिथेही निवड जिल्हा समितीची. पुरावा म्हणून मावशीनं जुनी हँडबिलं जपून नेली, तर त्यावर तिचं नाव नाही म्हणाले. हँडबिलावर फडमालकाचं नाव असतं, मागे नाचणाऱ्या बाईचं कोण छापतो? तीन वर्षं हेलपाटे घातले तिनं. तुमच्या योजनेत अशा समित्या तालुक्या-तालुक्यात होतील. पैसा कलाकाराच्या हातातच द्या.

झाडीची लेक:
आमच्याकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, सरकारला कुणी विचारत नाही आणि तरी नाटक उभं आहे. दिवाळी झाली की वडशातल्या नाटक कंपन्यांच्या ऑफिसात गावोगावच्या मंडळांची रीघ लागते. मंडई (आमच्याकडची जत्रा) असो की शंकरपट (बैलांची शर्यत), दिवसा बैल पळतात आणि रात्री नाटक. मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं आणि तिकिटं स्वतः विकतं. नाटकाच्या नावानं लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. आमचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्याआधी कितीतरी वर्षं लोक त्यांना बघायला थंडीत पहाटेपर्यंत बसत होते.

म्हणून अनुदानाची मला भीतीच वाटते. प्रेक्षकानं तिकीट काढलं की कंपनीला प्रेक्षकाकडे बघावं लागतं, अनुदान आलं की फाईलकडे. पण एक मागणी आहे, ती कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. नाटकातल्या बायका कपडे कुठे बदलतात ते कधी पाहिलंय का? स्टेजमागे साड्या बांधून केलेला आडोसा. संडास नाही. रात्रभर उभं राहायचं म्हणून कितीजणी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. जिथे दरवर्षी नाटक होतं त्या गावात दोन पक्क्या खोल्या आणि एक न्हाणीघर बांधून द्या. याला तुम्ही ठिकाणाला दिलेला पैसा म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूची.

यॉर्कशायरवासी:
मी सांगलीचा, आता इंग्लंडात, ब्रॅडफर्डजवळ राहतो. धाग्यात जे मागितलंय ते इथे बऱ्याच वर्षांपासून चालू आहे, म्हणून लिहितो.

इथल्या आर्ट्स कौन्सिलनं (कलेसाठीचा सरकारी पैसा वाटणारी संस्था) 'क्रिएटिव्ह पीपल अँड प्लेसेस' नावाची योजना काढली, ती २०१२-१३ पासून. जिथे लोक कलेकडे सर्वांत कमी वळतात अशीच ठिकाणं निवडायची. पैसा एकट्या संस्थेला नाही, तर स्थानिक गटाला, आणि त्या गटात कलेबाहेरचं कुणीतरी हवंच. सुरुवातीचा काळ नुसतं लोकांना विचारण्यात गेला तरी चालतो. मला हे फार मोलाचं वाटतं. पुढे २०२१ मध्ये ५४ 'प्राधान्याची ठिकाणं' जाहीर झाली.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराचं नियमित अनुदान काढून घेतलं आणि बाहेर जा म्हणून सांगितलं. वादकांच्या आणि कोरसच्या नोकऱ्यांवर आलं. वर्षभरानं मँचेस्टर ठरलं. कॉव्हेंट्री २०२१ चं 'सिटी ऑफ कल्चर' होतं (एका शहराला वर्षभरासाठी मिळणारा मान), त्याचं काम बघणारा ट्रस्ट फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेला. भागीदार भरपूर होते. २०२५ मध्ये तो मान ब्रॅडफर्डकडे होता, तेव्हा आमच्या गल्लीतला पहिला प्रश्न होता, 'पुढच्या वर्षी काय?' तरीही मी रंगपटावरून यांच्याच बाजूनं आहे. फक्त पाच वर्षं पुरणार नाहीत, दहा धरा.

तिसरी घंटा:
सांगलीचं नाव निघालं म्हणून आठवण करून देतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय संपला, आणि भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. मराठी नाटक जगलं ते गाव सोडून हिंडलं म्हणून. ठिकाणाला बांधलेला पैसा त्या ठिकाणच्या राजाबरोबर जातो, मग तो राजा असो की नगराध्यक्ष.

दुसरं असं की प्रत्येक तालुक्याला थोडं थोडं वाटलंत तर कुठेच चांगलं काम उभं राहणार नाही. पंधरा नट सहा महिने तालीम करतात तेव्हा एक नाटक होतं. त्यांना त्या काळात पगार कोण देणार, शाळा की जत्रा कमिटी? इंग्लंडातल्या त्या वादकांचं वाचून माझ्या पोटात गोळा आला.

रंगपटावरून:
गावकुसाबाहेर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जत्रा कमिटीचं नाव मी सहज लिहून गेलो, सुपारीतून पैसे कापले जातात हे लक्षातच आलं नाही. ती माझी चूक. मावशींना आता मानधन मिळतंय ना?

पण ठिकाण सोडून द्यायला मन तयार नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय मांडलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथी बघायला माणूस पिंगुळीत जातो, आणि तिथे यजमान ठाकर समाजाचं घर असतं, कुठली कमिटी नाही. मला हवंय ते ठिकाण असं आहे. मग योजना अशी बदलतो: निम्मा पैसा थेट कलाकारांच्या खात्यात, उरलेला त्या जागेसाठी, आणि गटात निम्मे लोक तिथल्या कलाकार घरांतले. झाडीची लेक म्हणतात त्या दोन खोल्या पहिल्या वर्षीच.

तिसरी घंटा, तालमीच्या पगारावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

गावकुसाबाहेर:
मिळतंय. गेल्या दिवाळीपासून. पहिल्या महिन्याच्या पैशातून तिनं आजीच्या फोटोला फ्रेम केली.

तुमचं निम्मं-निम्मं अजून पटत नाही. गटात आमची माणसं बसतील, पण चेकवर सही कुणाची? आमच्या गावात सरपंच बसले असताना माझी मावशी अजून खुर्चीवर बसत नाही, सांगितलं तरी नाही. ती सरपंचासमोर 'हा पैसा इथे लावू नका' म्हणेल असं तुम्हाला वाटतं?

येत्या पाडव्याला नारायणगावला या. मी राहुटीत घेऊन जातो. मालक आणि कमिटी बोलत असतात तेव्हा बाया मागे स्वयंपाक करत असतात. योजना लिहायची तर आधी त्यांच्यापाशी बसून विचारा, काय हवंय ते.

रंगपटावरून:
येतो. झाडीची लेक, तुम्हीही याल का?