प्रतिसाद: 'द नेव्हिगेटर'चं जहाज

वर विचारलंय की विनोदवीर बस्टर कीटनच्या 'द नेव्हिगेटर' या मूकपटातलं (१९२४) जहाज म्हणजे सेट होता का. छे, खरंखुरं जहाज होतं ते, 'ब्युफर्ड' नावाचं. भंगारात निघायच्या बेतात असताना कीटनच्या तांत्रिक दिग्दर्शकाला, फ्रेड गॅबुरीला ते सापडलं. कथा त्यानंतर रचली. याच जहाजातून १९१९मध्ये अमेरिकेने अराजकतावादी कार्यकर्ती एमा गोल्डमनसह २४९ जणांना रशियाकडे हद्दपार केलं होतं!

पाण्याखालचा प्रसंग मात्र अमेरिकेतल्या टाहो सरोवरातला. पाणी नितळ, पण इतकं गार की कीटनला फार वेळ खाली थांबवेना. डोनाल्ड क्रिस्पला गंभीर प्रसंगांसाठी सहदिग्दर्शक म्हणून घेतलं, तर तो विनोदच सुचवत बसला, असं कीटन सांगायचा. मला विचाराल तर शेकडो माणसांच्या स्वयंपाकाच्या भांड्यांत नायक-नायिकेची दोघांपुरता नाश्ता करायची ती धडपड पाण्याखालच्या प्रसंगापेक्षा सरस आहे.