उंच बॉक्सर, समोर बुटका गडी : मदत हवी आहे

मंडळी, धाकटा भाऊ सहा फूट चार इंच, हेवीवेट. इथं कोल्हापुरात तालमीतून बॉक्सिंगकडं वळलाय. समोरचा पोरगा बुटका पण दणकट. डोकं हलवत जॅबच्या (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) खालून आत शिरतो आणि बरगड्यांवर हाणतो. आमचं ध्यान सरळ मागं सरकतं, पाठ दोरांना लागली की संपलं. त्यात कुस्तीची सवय! समोरचा जवळ आला की हा पट काढायला (पाय धरून पाडायला) निघाल्यागत खाली वाकतो. म्हणजे उंची स्वतःच देऊन टाकायची.

२००२ साली उंच हेवीवेट बॉक्सर लेनॉक्स लुईसनं बुटक्या माइक टायसनला आठव्या फेरीत पाडलं, ती लढत त्याला दाखवली. लांबून जॅब, जवळ आला की अपरकट (खालून वर हनुवटीकडं ठोसा), नाहीतर वरून वजन टाकून मिठी. पण हौशी बॉक्सिंगमध्ये सारखं धरलं की रेफरी ताकीद देतो, गुण जातो. तीनच फेऱ्यांत ते परवडत नाही.

जॅब डोक्याऐवजी छातीवर मारावा का? आणि जॅब मारून मागं न जाता बाजूला निघायची सवय कशी लावायची? दोघंही उजवे आहेत. सर म्हणतात आधी अपरकट पक्का करा. मला वाटतं, आधी पाय. उंच पोरांना कुणी शिकवलं असेल तर सांगा की राव.