परदेशातल्या वॉर्डांतले दिवस: लिहा बायांनो (अन् बाप्यांनो)

मेडिकलची_सिस्टर
भाची जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास झाली, आता नर्स म्हणून तिकडे जाईल. घरात पेढे वाटून राहिले अन् मला सौदीतली पहिली नाइट आठवली. कोपरापर्यंत मेंदी लावलेली म्हातारी माझं मनगट धरून 'वजा, वजा' करत होती. दुखतंय हे कळलं, कुठं ते नाही. मग पोट, कंबर, मांडी असा हात ठेवत गेले. पोटरीला लागला नि ती किंचाळली. पोटरी टम्म सुजलेली, गरम. डॉक्टरला उठवलं.
बरी झाल्यावर लेकींनी थर्मासभर गहवा (अरबी कॉफी) अन् खजूर आणले. तिथे फिंजान (छोटा कप) हलवून 'पुरे' दाखवत नाही तोवर ओततच राहतात. शेजारच्या बेडवरच्या बाईने खुणेने दाखवेपर्यंत माझी त्या दिवसाची झोप उडाली होती!
तुम्ही पण लिहा.

बर्डीकर
आमच्या हिला रियाधमध्ये अरबीच्या आधी मल्याळम आलं. अजूनही भांडताना तेच निघते.

स्नेहल_बायर्न
ब्रेकमध्ये लिहितेय. भाचीला सांगा, इथे जर्मनीत आजोबा बव्हेरियन बोली बोलतात, ती पुस्तकात नाही. आपल्या नर्सिंगच्या शिक्षणाला मान्यतेचा कागद येईपर्यंत मदतनीस म्हणूनच काम, पगारही तसाच. अंघोळ, डायपर सगळं सिस्टरच करते. आपल्याकडे नातेवाईक नि आया असतात ना, त्यामुळे आधी कंबर मोडते, मग तोरा. अन् वॉर्डातला फोन! समोर माणूस असला तर हातवारे तरी करता येतात. वाजला की मी चादरी बदलायला पळायची.
एक आजोबा मात्र रोज पेपरातला मथळा मोठ्याने वाचायला लावायचे, चुकलं की काठी आपटायचे. डिस्चार्जच्या दिवशी मुलाला म्हणाले, थांब, खेळाचं पान राहिलंय.
बेल वाजली, पळते.

ऑरेंजसिटी
वाचून राहिलो.

तर्रीपोहे
यूके, २०२०. मास्क, त्यावर शील्ड. ओठ दिसेनात, तर येत असलेलं इंग्रजीही कळेना. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवायचे. जास्त नाही लिहीत.

मेडिकलची_सिस्टर
नको लिहू गं. चहा घे.

माईची_लेक
विषय सोडून विचारते, सावजी मसाला सौदीला नेता येतो का? दीर जाऊन राहिले.

मेडिकलची_सिस्टर
खसखस असेल तर अजिबात नाही! तिथे बंदी आहे, दुबईतही. सरळ तुरुंग. बिनखसखशीचा करून द्या.

बर्डीकर
बिनखसखशीचा सावजी? बाप्पा! त्यापेक्षा दिराला जाऊच देऊ नका.