जनसुरक्षा विधेयकाला अख्ख्या विधानसभेत एकट्या डहाणूच्या आमदाराचा विरोध, काय कारण असेल?

कासा_ते_ठाणे

नमस्कार मंडळी. मी मूळचा डहाणू तालुक्यातल्या कासा साइडचा, नोकरीमुळे ठाण्यात. गुरुवारी म्हणजे १० जुलै २०२५ ला विधानसभेत ते नक्षलवादाविरुद्धचं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पास झालं, आवाजी मतदानाने, आणि २८८ मध्ये ठाम विरोध नोंदवणारा आमदार एकच निघाला, आपले माकपचे विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत पण झालं, तिथे विरोधक सभात्याग करून बाहेर आले.

आता ऑफिसात माझी गंमत अशी झालीये की टेबलावरचे सगळे विचारतात, तुझा आमदार नक्षलवाल्यांच्या बाजूचा आहे का रे? आमचं घर पूर्वापार काँग्रेसवालं, लाल बावट्याचं नाही, पण २०१९ ला घरात दोन-तीन मतं त्यांना गेली होती हे खरं, कारण माणूस साधा, डहाणूत वडापाव विकायचा, अॅफिडेव्हिटमध्ये इस्टेट बघितली तर हसू येईल एवढी. २०२४ ला परत निवडून आले तेव्हा तर आघाडीची सीटच ती होती.

प्रश्न दोन आहेत. त्यांनी विरोध नेमका कशाला केला, म्हणजे पक्षाची लाइन म्हणून की खरंच आपल्या तालुक्याला त्याचा काही त्रास आहे? आणि दुसरं, वाढवण बंदर, सूर्या धरणाचं पाणी, वनपट्टे (कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क) यासाठी जे मोर्चे निघतात ते या कायद्यात येतात का? कुणी विधेयक वाचलं असेल तर सांगा, व्हॉट्सअॅपवरचं नको.

जुना_वकील

वाचलंय. २०२४ च्या जुलैत आलं तेव्हाचं पण आणि संयुक्त समितीतून बाहेर पडलेलं पण. समिती बावनकुळेंच्या अध्यक्षतेखाली होती, साडेबारा हजारांवर सूचना आल्या म्हणतात. त्यानंतर तीन बदल महत्त्वाचे झाले. आधी 'व्यक्ती आणि संघटना' असं होतं, ते काढून 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' केलं. सल्लागार मंडळात अध्यक्ष हायकोर्टाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि सरकारी वकील. आणि तपास फौजदाराकडे नाही, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. हे बदल चांगलेच आहेत, नाकारायचं कारण नाही.

पण मूळ दुखणं व्याख्येत आहे आणि तिला कुणी हात लावला नाही. बेकायदेशीर कृत्य कशाला म्हणायचं त्यात बंदुका स्फोटकं आहेत, ठीक, कोण नाही म्हणतो. पण त्याच यादीत सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणं *किंवा तसा कल असणं* आहे, रस्ता रेल्वे वगैरे दळणवळण विस्कळीत करणं आहे, आणि प्रस्थापित कायदा मोडायला प्रोत्साहन देणं किंवा तसा उपदेश करणं आहे. शिक्षा दोन वर्षांपासून सातपर्यंत, दंड पाच लाखापर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. सभासद नाही पण वर्गणी दिली, घरात आसरा दिला, तरी दोन वर्षं. संघटना बेकायदेशीर ठरली की तिची जागा जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ताब्यात घेऊ शकतात.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: नुसता मोर्चा काढला म्हणून उद्या कुणाला उचलतील असं नाही. आधी सरकारने ती संघटना बेकायदेशीर म्हणून राजपत्रात जाहीर करायला लागते, मग मंडळापुढे जातं. पण जाहीर करायचं कशावरून तर वरच्या व्याख्येवरून. आणि त्या व्याख्येत हायवे अडवणारा कुणीही बसतो. 'तत्सम' म्हणजे कोण हे कुठेच लिहिलेलं नाही. निकोलेंचं म्हणणं साधारण हेच होतं की यूएपीए (बेकायदेशीर कृत्यांविरुद्धचा केंद्राचा कायदा) आहे, मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा) आहे, हे कशाला, आणि याचा वापर शेवटी जनआंदोलनांवर होणार. यूएपीएत संघटनेवरच्या बंदीची तपासणी करायला कार्यरत हायकोर्ट न्यायाधीशाचं न्यायाधिकरण असतं, इथे मंडळात सरकारी वकीलच बसलाय. वादी पण तोच न्याय पण त्याचाच.

वैनगंगा_काठ

मी गडचिरोलीचा आहे म्हणून बोलतो, राग मानू नका. ठाण्यामुंबईत बसून हे सगळं सोपं वाटते. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याला सुरुंगात आमचे १५ पोलीस गेले आणि गाडीचा ड्रायव्हर, त्यातली बरीच पोरं इथल्याच गावातली होती हो. माझा चुलतभाऊ खात्यात आहे, त्या दिवशी घरी फोन लागत नव्हता तेव्हा काकूची काय हालत होती ते मी पाहिलं आहे.

जंगलातली बंदूक आता संपत आली, राहिली ती शहरातली माणसं, पैसा पुरवणारी, पोरं भरती करणारी. मुख्यमंत्री सभागृहात सांगत होते की अशा ६४ संघटना राज्यात आहेत. छत्तीसगड, आंध्र, तेलंगणा, ओडिशा सगळ्यांकडे असा कायदा आहे, आपल्याकडेच नव्हता, म्हणून तिकडे बंदी घातलेल्या संघटना इकडे येऊन ऑफिस टाकून बसतात. मग काय करायचं सांगा? निकोले साहेब चांगले असतील, मला त्यांच्याविषयी काही माहीत नाही, पण माकपवाले आणि माओवादी यांचा छत्तीसचा आकडा आहे हे तर सगळ्यांना माहीत, मग त्यांनी सरकारला साथ द्यायला पाहिजे होती असं माझं मत.

जुना_वकील

@वैनगंगा_काठ तुमच्या घरच्या माणसांबद्दल आदर आहे, खरंच. पण तुमच्याच जिल्ह्यातलं तोडगट्टा आठवा. खाणींच्या विरोधात लोक महिनोन्महिने बसले होते, २०२३ च्या नोव्हेंबरात पोलिसांनी उठवलं. ते कुणाच्या सांगण्यावरून बसलेत यावरच सगळी चर्चा झाली, ग्रामसभेचं म्हणणं काय आहे ते बाजूलाच राहिलं. हा कायदा तेव्हा असता तर त्यांना जेवणाचा तांदूळ पोचवणारा पण अडकला असता की नाही, तुम्हीच सांगा.

वैनगंगा_काठ

तोडगट्ट्यात सगळेच भोळे होते असं नाही, आणि सगळेच दलमवाले (नक्षल टोळीतले) होते असंही नाही. एवढं म्हणून थांबतो. पण त्यासाठी कायदाच नको हे पटत नाही, अंमलबजावणी नीट करा म्हणा.

वरोर_बंदर

बरं झालं विषय निघाला. दादा, मी वाढवणच्या शेजारचा, आमचं घर मासेमारीवर आणि भाऊ डाय मेकिंगला (साचे बनवायच्या धंद्यात), त्यामुळे बंदर झालं तर दोन्हीकडून मार. बाहेरच्यांना वाटतं हे बंदर काल आलंय, तर ते तसं नाही. १९९१ ला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, १९९६ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने तालुक्याच्या पर्यावरण संरक्षणासाठी प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती धर्माधिकारी साहेब अध्यक्ष, आणि १९९८ ला त्या प्राधिकरणाने वाढवण बंदर चक्क नाकारलं. वीस-पंचवीस वर्षं आम्ही निवांत. मग धर्माधिकारी साहेब गेले २०१९ ला, आणि २०२३ च्या जुलैअखेर त्याच प्राधिकरणाने हो म्हटलं. तोच समुद्र, तोच खडक, तीच घोळ आणि बोंबील, फक्त खुर्चीतली माणसं बदलली. मग ७६,२२० कोटींचा प्रकल्प, पालघरला भूमिपूजन, आणि १४०० हेक्टरच्या वर समुद्रात भराव.

एवढ्या वर्षांत आम्ही काय केलं? बंद पाळले, काळे झेंडे दाखवले, होड्या घेऊन समुद्रात मोर्चा, चारोटीला हायवे रोखला. कोर्टात पण गेलो, पण कोर्टाची तारीख मिळते ती पण लोक रस्त्यावर दिसतात तेव्हाच मिळते असं आपलं माझं मत आहे. आता वकील साहेबांनी जे वाचून दाखवलं, दळणवळण विस्कळीत करणं, ते तर आमचं वर्षाचं कॅलेंडरच झालं की. आमच्या कमिटीत भाजपवाला आहे, शिवसेनेचे दोन्हीकडचे आहेत, माकपवाले पण येतात, कोण कडवा डावा नाही. पण घरटी वर्गणी काढतो आम्ही. आई तर मासळी विकून आलेल्या पैशातनं वेगळे काढून ठेवते डब्यात, त्याची पावती पण असते आमच्याकडे. उद्या ती पावती पुरावा होणार का?

निकोले बंदराच्या विरोधात आहेत, पहिल्यापासून, म्हणून हातचं राखून बोलत नाही. बाकीच्यांचं काय, निवडणुकीआधी विरोध, निवडून आले की 'केंद्राचा प्रकल्प आहे'.

चिकू_वाडी

बंदराला सगळ्यांचाच विरोध आहे असं नका लिहू प्लीज. आमच्या पोरांना बोईसर नाहीतर वापीला दहा-बारा हजारावर जायला लागतं. बंदर झालं तर दोन पैसे इथेच मिळतील. घोलवडच्या चिकूचं जीआय (भौगोलिक मानांकन) झालं पण भाव काय मिळतो ते बागायतदारालाच विचारा.

आणि आमदारांचं कौतुक चाललंय म्हणून सांगतो, विधेयकाला विरोध केला छान, पण मतदारसंघातलं काय? गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या बाईला रात्री दुखायला लागलं, जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होता पण भूल द्यायला कोण नाही, म्हणून बॉर्डर ओलांडून सिल्वासाला न्यायला लागलं, अॅम्ब्युलन्समध्ये नवरा टॉर्च धरून बसलेला. पालघर स्वतंत्र जिल्हा होऊन ११ वर्षं झाली. धामणी धरण आपल्याकडे, पाणी मात्र ४०३ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला, आणि धरणाच्या उशाशी असलेल्या पाड्यावर उन्हाळ्यात बायका खड्ड्यातनं वाटीने पाणी भरतात. आमदार दोन टर्म आहेत ना?

तलासरीची_पोर

@चिकू_वाडी दादा दवाखान्याचं १००% बरोबर, त्यात वाद नाही, माझी आई आशा वर्कर आहे, तिला रोज ऐकायला लागतं. पण एक आमदार विरोधी बाकावरचा, त्यात पक्षाचा सभागृहात एकटाच, त्याला निधी किती मिळतो आणि सत्तेतल्याला किती हे पण बघा ना. सूर्याच्या पाण्याचा निर्णय पण काय त्यांनी घेतला नाही.

आणि @कासा_ते_ठाणे दादा, तुम्ही विचारलंत पक्षाची लाइन की तालुक्याचा त्रास, तर आमच्याकडे ते वेगळं करताच येत नाही. आमच्या आजोबांच्या वेळी वेठ होती, लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघं सावकाराकडे गडी, आयुष्यभर. १९४५ ला किसान सभेचे गोदूताई आणि शामराव परुळेकर आले, झरीला सभा झाली, आणि वारली लोकांनी ठरवलं की वेठ करायची नाही. वेठ नाकारणं म्हणजे त्या काळच्या सरकारच्या आणि सावकाराच्या लेखी बंडच. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि अजून चार जण गेले. अजून दरवर्षी आम्ही त्या दिवशी जातो. 'प्रस्थापित कायदा मोडायला प्रोत्साहन' या कलमात गोदूताई पहिल्या बसल्या असत्या.

वनपट्ट्यांचं पण तेच. कायदा २००६ चा, कागदावर सगळं आहे. पण कसतो दोन एकर आणि पट्टा येतो दहा-पंधरा गुंठ्यांचा, दावा उपविभागीय समितीकडे पडून. २०१८ ला नाशिकहून चालत मुंबईला गेले लोक, पायाची सालटं निघालेली फोटोत बघितली असतील सगळ्यांनी, त्यानंतर फायली हलल्या थोड्या. २०२३ ला परत निघाले, वाशिंदपर्यंत गेले तेव्हा सरकार बोलायला तयार झालं. तहसीलला अर्ज देऊन झालं असतं तर एवढं कोण चाललं असतं, कोणाला हौस आहे? म्हणून इथला आमदार, कुठल्याही पक्षाचा असू दे, त्या विधेयकाला हो म्हणाला असता तर मला नवल वाटलं असतं.

कासा_ते_ठाणे

सगळ्यांचे आभार, एवढं डिटेल मिळेल वाटलं नव्हतं. माझं एक कळत नाही, काँग्रेसवाले, शरद पवारांचे, ठाकरेंचे, हे सगळे त्या संयुक्त समितीत होते ना? मग सभागृहात विरोधात मत का नाही दिलं? घरी बाबांना विचारलं तर टीव्हीचा आवाज वाढवला.

जुना_वकील

हाच कळीचा मुद्दा आहे आणि तुमचे बाबा हुशार आहेत. समितीत पटोले, वडेट्टीवार, आव्हाड, दानवे सगळे होते, पण अहवालावर एकाचंही भिन्न मत नोंदलेलं नाही, मुख्यमंत्र्यांनी हेच हत्यार म्हणून वापरलं. विधानसभेत शंका काढल्या काहींनी, भाषणं बरी झाली, पण मतदानाच्या वेळी नाही म्हणायला एकटे निकोले. परिषदेत दुसऱ्या दिवशी आवाज चढला, पण तोपर्यंत वरात निघून गेली होती. 'कडवे डावे' हा शब्द घातल्यावर बाकीच्यांना वाटलं आपल्याला काय, ते डाव्यांचं आहे. त्या 'तत्सम'वर कुणी अडून बसलं नाही.

@वरोर_बंदर पावतीचं विचारलंत. आज तरी काही होत नाही, तुमची कमिटी बेकायदेशीर जाहीर झालेली नाही आणि होईल असं मला वाटतही नाही. पण कमिटी नोंदवलेली नसेल तर नोंदवा, हिशोबाची वही ठेवा, आणि ग्रामसभेचे बंदरविरोधी ठराव असतील त्यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती काढून एका फाईलला लावा.

वरोर_बंदर

ठराव आहेत, पण जुने ग्रामसेवक बदलून गेले आणि वही कुठे आहे यावर तीन महिने झाले फिरवतायत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घेतो. @तलासरीची_पोर ताई, आमदार साहेबांच्या ऑफिसला कुणी ओळखीचं असेल तर सांगा, त्या दिवशी आले तर गटविकास अधिकाऱ्यांसमोरच वही मागता येईल.

तलासरीची_पोर

आहे, मेसेज करते. ते १५ ला झेंड्याला कुठे असतात बघून सांगते, पण ठरावाचा विषय सात दिवस आधी लेखी देऊन पोच घ्या, नाहीतर आयत्या वेळचा विषय म्हणून उडवतात.