वादळी पावसात देवकुंडचे छायाचित्रण

प्रश्न: रायगड जिल्ह्यातील भिरा गावाहून देवकुंडला जाऊन, जोरदार पाऊस सुरू असतानाच धबधब्याचे छायाचित्र टिपण्याची माझी फार इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाटेत ओढे ओलांडावे लागतात आणि वर डोंगरात मोठी सर आली की खाली पाऊस नसतानाही पाणी चढते. नितळ पाणी एकाएकी गढूळ होऊन त्यातून पालापाचोळा वाहू लागला, तर मागून लोंढा येत आहे असे समजून तत्काळ उंचावर जावे. शिवाय पावसाळ्यात तेथे अनेकदा प्रवेशबंदी असते.

उत्तर २: सहमत आहे. वादळी वाराच टिपायचा असेल, तर जुन्नरकडून नाणेघाट गाठावा. कोकणातून वर चढणारा वारा कड्यावरून पडणारे पाणी उलटे उडवतो. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवल्यास थेंब सुटे दिसतात. कड्याच्या टोकाशी मात्र जाऊ नये, आणि विजा कडाडू लागल्यास पठारावर थांबूच नये.

उत्तर ३: ट्रायपॉडला (कॅमेऱ्याच्या तिपाईला) स्थिरतेसाठी टांगलेली बॅग वाऱ्याने झुलते, म्हणून तिपाईचे पाय पसरून तिची उंची कमी ठेवावी. लेन्स पुसण्यासाठी कोरडी मऊ फडकी भरपूर न्यावीत.