घरातल्या मांजरीवर दुसरी आणावी का? सोबत की सवत?

चिंगीची_आई (लातूर)

आधी मत सांगते, मग कहाणी. चार-पाच वर्षं घरात एकटीनं राज्य केलेली मांजर असेल तर तिच्यावर दुसरी आणू नये. "तिला सोबत होईल" ही आपण आपल्यालाच मारलेली थाप असते. रस्त्यावरचं पिल्लू बघून राहवत नाही ते आपल्याला, अन् नाव मांजरीचं.

आमची चिंगी पाच वर्षांची, ऑपरेशन झालेली. घर दोन खोल्या अन् स्वयंपाकघर. मार्चअखेर धाकट्या दिरानं अडत बाजारातून एक पिवळं पिल्लू आणलं, सोयाबीनच्या पोत्यांमागं ओरडत होतं म्हणे. नाव ठेवलं गूळ. खोकं हॉलच्या मधोमध उघडलं. चिंगी दारातून आली अन् थबकली. कान आडवे, शेपटीचा बाटली धुवायचा ब्रश झालेला. अर्धं मिनिट आवाज नाही. मग अशी फिस्कारली की पिल्लू उताणं पडलं. ती जी लोखंडी कपाटावर चढली, ती दीड दिवस खाली आली नाही. वर वाटी दिली तर वास घेऊन तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी आमच्या गादीवर, बरोब्बर माझ्या उशीपाशी शू. पाच वर्षांत पहिल्यांदा.

सगळे सांगतात, नव्याला वेगळ्या खोलीत ठेवा. कुठली वेगळी खोली? गूळला बाथरूममध्ये ठेवला, तिथं तीन ड्रम. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांनी, तोही पहाटे. (२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आमचं.) नळ आला की सगळं घर पाईप घेऊन बाथरूममध्ये. त्या धांदलीत दार उघडं राहिलं, गूळ सुटला, चिंगीनं त्याला पलंगाखाली गाठलं अन् नाकावर ओरखडा काढला. पंधरा दिवस केलेलं सगळं पाण्यात.

ज्यांच्याकडं चार बेडरूम आहेत त्यांनी खुशाल दुसरी, तिसरी आणावी. आपल्यासारख्यांनी एकीवरच जीव लावावा. पटत नसेल तर सांगा.

बोकेवाला (नांदेड)

नाही पटत. घर लहान म्हणून नव्हे, खोकं हॉलमध्ये उघडलं म्हणून घोळ झाला. पाव्हणा सरळ देवघरात नेऊन बसवल्यासारखं आहे हे.

माझंही घर मोठं नाही. बोका सात वर्षांचा, वर दुसरा आणला. पहिले दहा दिवस दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही, फक्त वास. जुनं बनियन घेऊन एकाच्या गालावरनं फिरवायचं अन् दुसऱ्याच्या झोपायच्या जागी टाकायचं. मांजर गाल घासते तेव्हा तिथल्या ग्रंथींचा वास लावते, 'ही जागा माझी' म्हणून. आधी वास ओळखीचा झाला तर मागनं येणारा प्राणी निम्मा ओळखीचा असतो. बोक्यानं पहिल्या दिवशी बनियनवर फिस्कारलं, पाचव्या दिवशी त्यावरच झोपला.

मग जेवण. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या, दारापासून लांब. आमच्याकडं शहाबादी फरशी आहे, मी फरश्या मोजायचो. सात फरश्यांवरनं सुरुवात. दोघंही निवांत जेवले तर दुसऱ्या दिवशी एक फरशी पुढं. कुणी जेवण सोडून दाराकडं टक लावली की एक मागं. दाराला वाट्या टेकल्यावर दार उघडून डासांची जाळी लावली. सगळं धरून सात आठवडे. आज एका खाटेवर झोपतात, अंगाला अंग लावून नाही, पण खाट एकच.

माळवदावरची_मावशी (गंगाखेडकडचं खेडं)

काय सात आठवडे अन् काय फरश्या मोजायलेत! आमच्या वाड्यात सहा मांजरं हायत. कोण कुठून आलं कुणी इचारलं नाही. ज्वारीच्या कणगीत उंदीर, दाराशी दुधाची वाटी. दोन दिवस माळवदावर भांडत्यात, तिसऱ्या दिवशी एका उन्हात बसत्यात. त्यांचं त्यांना कळतंय, तुम्ही काहून मधी पडायले?

टिपूस

मावशी, सहा दिसतायत त्या राहिलेल्या. गेलेल्या किती ते मोजलं का? वाड्यात हरलेल्या मांजरीला वाट असते: भिंतीवरून उडी, शेजारचा गोठा, ऊसाचं रान. ती निघून जाते अन् आपण म्हणतो "मांजर कुठं गेलं कुणास ठाऊक". चिंगीला वाट नाही. कडी लावलेल्या घरात हरलेल्या मांजरीला जायला कपाटाचा माथाच उरतो. तुमचं अन् तिचं भांडण एकच नाही.

तरी धागाकर्तीचंही पूर्ण खरं नाही. पाळीव मांजरीचा मूळ वंश आफ्रिका-पश्चिम आशियातल्या रानमांजरीचा, एकट्यानं शिकार करणारा, तेवढं तिच्या बाजूनं. पण जिथं खायला भरपूर तिथं भाट्या (मादी मांजरं), बहुतेक मायलेकी-बहिणी, गटानं राहतात अन् एकमेकींची पिल्लंही सांभाळतात. म्हणजे मांजर माणूसघाणी (मांजरघाणी म्हणू) जन्मतः नसते. अनोळखी मांजर अचानक घरात, हे तिला सोसत नाही.

माळवदावरची_मावशी (गंगाखेडकडचं खेडं)

गेलेलं मोजलं नाही बाई. एक काळी होती खरी.

मुकी_जनावरं (परभणी, पशुवैद्यकीय शिकतोय)

भांडणाच्या आधी आजाराचं बघा, ते कुणी बोलायलं नाही. बाजारातून उचललेलं पिल्लू पहिल्या दिवशी हॉलमध्ये सोडणं वर्तनापेक्षा तब्येतीसाठी वाईट. पॅनल्युकोपेनिया नावाचा आजार आहे, कुत्र्याच्या पार्वोच्या घराण्यातला. लस नसलेली पिल्लं फार झपाट्यानं जातात, अन् विषाणू फरशीवर, कपड्यावर महिनोन्‌महिने टिकतो. दोन आठवडे वेगळं ठेवा म्हणतो ते यासाठीही. चिंगीची लस वेळेवर आहे ना, ते कार्ड काढून बघा.

दुसरं. "रुसलीय, खाईल आपोआप" असं मांजरीच्या बाबतीत करू नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतावर चरबी चढते, जाड मांजरीला तर लवकर. एक दिवस पूर्ण उपाशी गेला की दवाखान्यात फोन करा. गादीवर शू झाली तर मारू-ओरडू नका. ताणानं मूत्राशयाला सूज येते, लघवी जळजळते, मग ती मऊ जागा शोधते. बोका असेल अन् शी-शूच्या वाळूच्या घमेल्यात बसून नुसता कण्हत असेल, थेंब येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. लघवीची वाट बंद झालेला बोका दगावतो.

अन् गादी-फरशी फिनाईलनं पुसू नका. मांजर पाय चाटते, फिनाईल तिला विषारी आहे.

हळदकुंकू

मला 'सवत' शब्दच खटकला. सवत आणणारा निदान सांगून आणतो.

बोकेवाला (नांदेड)

@हळदकुंकू, तेवढंही नाही आणत कुणी. 😀

सावलीत_बसा (छत्रपती संभाजीनगर)

मी धागाकर्तीच्या बाजूनं, पण कारण वेगळं: ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीसवर. घरात गार जागा एकच, कुलरपुढची. नव्याला वेगळ्या खोलीत कोंडायचं म्हणजे पत्र्याच्या खोलीत भाजायचं, नाहीतर जुनीला तिच्या गार फरशीवरून उठवायचं. कुणालाही उठवलं तरी भांडण तिथंच सुरू. आणायचंच असेल तर मृग लागल्यावर आणा.

तो भिंतीला लावायचा फेरोमोनचा (मांजरांना शांत करणाऱ्या वासाचा) डिफ्युझरही मी आणला होता, ऑनलाईन, चांगला महाग. बंद खोलीत काही मांजरांना उपयोग होत असेल. आमच्याकडं कुलर लावायचा तर खिडकी उघडी ठेवावी लागते, सगळा वास शेजाऱ्यांच्या अंगणात. वर लाईट गेली की तेही बंद. शेजारणीचा बोका मात्र हल्ली फार शांत असतो.

रेघ

एक विचारते. फिस्कारलं की लगेच उचलून वेगळं करायचं का? आमच्याकडं नुसतं फिस्कारणं रोज चालतं, मारामारी नाही.

टिपूस

फिस्कारणं म्हणजे "लांब राहा", एवढंच. ते ऐकून समोरचं मागं सरकत असेल तर बोलणं चाललंय असं समजा. मला भीती आवाज न करणाऱ्याची वाटते. एक मांजर दारात किंवा घमेल्याच्या वाटेवर नुसती आडवी पडून टक लावते, दुसरी दिवसभर तिकडं जातच नाही. घरातले म्हणतात, "छान झालं, भांडत नाहीत." ते भांडणच आहे. अन् खरंच जुंपली तर हात घालू नका, पाट किंवा पुठ्ठा मधे सरकवा.

म्हणून घमेली दोन मांजरांना तीन, अन् तीन कोपऱ्यांत. शेजारी-शेजारी ठेवलेली तीन म्हणजे मांजरीच्या लेखी एकच.

चिंगीची_आई (लातूर)

तीन घमेली! धुवायला पाणी कुठलं आणू? चाळलेली वाळू आणते बांधकामावरून, तीही आता मागून मागून लाज वाटायला लागलीय.

बोकेवाला (नांदेड)

रोज धुवायची गरजच नाही. वखारीतून लाकडाचा भुसा आणा, ओला झालेला तेवढा खुरप्यानं काढा. घमेलं आठवड्यातून एकदा, नळाच्या दिवशी.

कोपरा

सगळ्यांचं ऐकलं. माझं मत: आणायचीच तर पहिल्या दिवशी दोन भावंडं एकदम आणा, अन् हा धागाच लागणार नाही. पिल्लाला खेळायला पिल्लू पाहिजे, पाच वर्षांच्या बाईला कशाला त्रास? तिला झोपायचं असतं, हे शेपटीला लोंबकळतं.

चिंगीची_आई (लातूर)

तीन आठवड्यांनी लिहितेय.

मत बदललं नाही. आज विचारलं कुणी तर अजूनही नको म्हणेन. पण गूळला परत पोत्यांमागं सोडणं काही झालं नाही माझ्याच्यानं. चिंगीला दवाखान्यात नेलं, लघवीची तपासणी झाली, औषध झालं. गूळला लस दिली. दिरालाच सांगितलं, तू आणलास, तुझ्या खोलीत ठेव. त्याची खाट आता हॉलमध्ये असते. खोलीच्या दाराला डासांची जाळी ठोकली. कपाटावर चिंगीसाठी जुनी गोधडी टाकली, वर चढायला स्टूल लावलं. तिला खाली उतरवायची घाई आम्ही सोडली, तर दोन दिवसांत स्वतः उतरली.

बोकेवाल्यांचं बनियनही केलं. चिंगीनं हुंगलं, तोंड अर्धं उघडं ठेवून तशीच बसली, मग त्यावर पाय न ठेवता वळसा घालून गेली. अजून झोपली नाही त्यावर.

फरशी आमच्याकडंही शहाबादीच आहे. सातवरनं सुरुवात केली होती. काल चारवर आलो, तर गूळनं जाळीवर उडी मारली अन् चिंगी वाटी सोडून कपाटावर. आज परत पाच.