मदत हवी आहे: ‘कर्नल ब्लिंप’ (१९४३) या चित्रपटाची कोणती डिस्क घ्यावी?

मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या जोडीने युद्धाच्या ऐन धामधुमीत काढलेला ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप’ हा ब्रिटिश चित्रपट मला विकत घ्यायचा आहे. त्याची जीर्णोद्धार केलेली प्रत ब्लू-रेवर निघाली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. माझा प्लेअर मात्र भारतात घेतलेला, म्हणजे ब्लू-रेच्या ‘सी’ विभागातला आहे. (बऱ्याच ब्लू-रे डिस्क जगाच्या ज्या विभागासाठी काढलेल्या असतात, त्याच विभागाच्या प्लेअरवर चालतात.) अमेरिका ‘ए’ विभागात येते आणि ब्रिटन ‘बी’ विभागात, त्यामुळे दोन्हींपैकी कोणतीही डिस्क मागवली तरी ती चालेल याची खात्री नाही. माझ्याकडे या चित्रपटाची एक जुनी डीव्हीडी आहे. पण तिच्यात माणसांच्या चेहऱ्यांभोवती आणि गणवेशांच्या कडांना लाल-हिरवी झालर दिसते, आणि ज्या चित्रपटाची निम्मी गंमत रंगांत आहे तो अशा अवस्थेत पुन्हा पाहण्याची इच्छा होत नाही.

ही झालर कुठून येते हे समजल्यापासून नवी प्रत घेण्याचा विचार पक्का झाला. त्या काळच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात प्रकाश लोलकातून विभागला जाई आणि एकाच दृश्याच्या तीन वेगवेगळ्या कृष्णधवल निगेटिव्ह तयार होत. रंग नंतर छपाईच्या वेळी चढवले जात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या या तीन पट्ट्या सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे त्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत आणि कडा फाकतात. जुन्या पद्धतीने नवी प्रिंट काढताना हा दोष फारसा आवरता येत नसे. संगणकावर मात्र तिन्ही पट्ट्या स्वतंत्रपणे स्कॅन करून प्रत्येक चौकट जुळवून घेता येते. या चित्रपटावर २०११-१२ च्या सुमारास हे काम झाले. अमेरिकेतील ॲकॅडमी फिल्म आर्काइव्हने ते ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, ब्रिटनमधील आयटीव्ही ही दूरचित्रवाणी कंपनी आणि फिल्म फाउंडेशन यांच्या सहकार्याने पार पाडले, आणि त्यामागे अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी व पॉवेल यांच्या पत्नी, संकलक थेल्मा शूनमेकर यांचा पुढाकार होता. अमेरिकेत क्रायटेरियन या कंपनीने २०१३ मध्ये काढलेल्या ब्लू-रेवर हीच प्रत आहे. पॉवेल आणि स्कोर्सेसी यांनी १९८८ मध्ये लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी व्हिडिओ डिस्क) ध्वनिमुद्रित केलेले, चित्रपटासोबत ऐकायचे समालोचनही तिच्यावर आहे, आणि खरे सांगायचे तर माझा जीव त्यातही अडकला आहे.

माझा पहिला प्रश्न प्लेअरचा आहे. डीव्हीडी प्लेअरचे विभागाचे बंधन रिमोटवरून एखादा आकडा टाकून काढता येत असे. ब्लू-रेच्या बाबतीत बहुधा ते जमत नाही आणि यंत्रातच फेरफार करून घ्यावा लागतो. आपल्यापैकी कोणी भारतात असा सर्व विभागांचा प्लेअर घेतला आहे का, की तो परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडूनच आणवावा लागतो? एका चित्रपटासाठी नवा प्लेअर घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड, हे मला मान्य आहे. पण यापुढेही अशा डिस्क घेण्याचा विचार असल्याने तो खर्च अगदीच वाया जाणार नाही.

दुसरा प्रश्न लांबीचा आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. मूळ चित्रपट १६३ मिनिटांचा आहे. तो युद्धखात्याला रुचला नव्हता, चर्चिल यांनी तर तो थांबवण्याचाच प्रयत्न केला. पुढे अमेरिकेत तो कापून दाखवला गेला आणि नंतर सुमारे दीड तासाची त्याहूनही तोकडी आवृत्ती फिरत राहिली. या कापाकापीत मूळची भूतकाळात शिरण्याची रचनाच काढून टाकली गेली. हा चित्रपट १९४३ च्या लंडनमधील एका हमामखान्यात म्हाताऱ्या सेनाधिकाऱ्याची फजिती दाखवून सुरू होतो आणि मग १९०२ च्या बर्लिनपर्यंत मागे जातो. हा क्रम मोडला की उरतो तो निव्वळ एका माणसाचा जीवनपट, आणि सुरुवातीला ज्याला आपण हसलो त्याच्याविषयी शेवटी आदर वाटावा ही सगळी किमया हातची जाते. युरोपातील एका डीव्हीडीची लांबी विक्रेत्याने सुमारे १५६ मिनिटे दिली आहे. पाल या युरोपातील दूरचित्रवाणी पद्धतीत चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो आणि चार टक्क्यांनी लवकर संपतो, हे गणित येथे नेमके जुळते, म्हणून ती प्रत कापलेली नसावी असा माझा तर्क आहे. ज्यांनी अशी डीव्हीडी पाहिली असेल त्यांनी एवढेच सांगावे, की त्या वाढलेल्या गतीमुळे आवाज कानाला पातळ लागतो का? मुख्य भूमिकेतील रॉजर लिव्हसी यांचा तो घोगरा, उबदार आवाज चढ्या पट्टीत ऐकावा लागणार असेल, तर डीव्हीडीचा पर्याय मी आताच सोडून देतो.

तिसरा प्रश्न सबटायटल्सचा. हा चित्रपट मला प्रामुख्याने माझ्या सासऱ्यांना दाखवायचा आहे. ते सैन्यातून निवृत्त झालेले असून आता त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे इंग्रजी सबटायटल्स असणे अत्यावश्यक आहे. विशेषतः अँटन वॉलब्रुक यांनी साकारलेला जर्मन अधिकारी १९३९ मध्ये निर्वासित म्हणून इंग्लंडमध्ये आश्रय मागताना जे दीर्घ निवेदन करतो, जवळजवळ एकाच शॉटमध्ये, अगदी हळू आवाजात, त्यातील एकही शब्द निसटता कामा नये. वॉलब्रुक स्वतः ऑस्ट्रियातून आलेले आणि प्रेसबर्गर हे बर्लिन सोडावे लागलेले हंगेरियन ज्यू, म्हणून त्या प्रसंगाला जे वजन आले आहे ते युद्धकाळातल्या दुसऱ्या कोणत्याही ब्रिटिश चित्रपटात मला जाणवलेले नाही. अमेरिकन डिस्कवर कर्णबधिरांसाठीची सबटायटल्स आहेत. ब्रिटनमधील डिस्कवर ती पूर्ण चित्रपटभर आहेत की नाहीत, हे ती बाळगणाऱ्यांनी कृपया पाहून सांगावे.

हा चित्रपट जुन्या, जवळजवळ चौरस चौकटीतला असल्याने दूरदर्शन संचाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा त्याबद्दल सल्ल्याची गरज नाही. आयात शुल्काचा अलीकडचा अनुभव मात्र अवश्य लिहावा. आणि ज्यांच्याकडे ब्रिटनची ब्लू-रे असेल त्यांनी तिच्या वेष्टनाच्या मागे केवळ ‘बी’ हे अक्षर छापले आहे काय, आणि तरीही ती ‘सी’ विभागाच्या प्लेअरवर प्रत्यक्षात चालते काय, एवढे जरी कळवले तरी माझा निर्णय होऊन जाईल.